धम्मानंदचा पायडबा

कुरुंद्याच्या स्टँडवर उतरून कोणालाही विचारा, "धम्मानंद कुठं भेटंल?" समोरचा माणूस तुम्हालाच उलटं विचारील, "मोटार जळाली का लग्न हाय?" या माणसाकडं लोक दोनच कामांसाठी जातात. दिवसा तो उत्तमसिंगांच्या दुकानात शेतातल्या जळालेल्या मोटारी भरतो, म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळतो. लग्नसराईत आणि जयंतीच्या दिवसांत भीमनगरच्या गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. बोटं तीच, सकाळी वार्निशनं चिकट झालेली आणि संध्याकाळी गिटारीवर. त्याची बायको मिना म्हणते, ह्या माणसाच्या हाताला तार लागली नाही तर ह्याला जेवण जात नाही. खरंच आहे ते.

वय छत्तीस. अंगानं किरकोळ आणि बोलायला त्याहून किरकोळ. "व्हय" आणि "बघू" एवढ्या दोन शब्दांवर त्याचा अख्खा दिवस निघतो. पण मुंजाजी मास्तरांचा विषय निघू द्या, मग बघा. मग हा गडी पाना खाली ठेवतो, हात पुसतो आणि सुरू होतो. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी ह्याचं आपलं चालूच.

सुरुवात अशी झाली. धम्मानंद एकोणीस वर्षांचा होता, दुकानात नवा होता. एक दिवस मुंजाजी मास्तर काखेत बेंजो घेऊन आले. बेंजो म्हणजे ती लांबट पेटी. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या; तारांखालची कॉईल तो आवाज स्पीकरला पोचवते. मास्तर म्हणाले, "ह्याची कॉईल गेली. नांदेडला न्यावं का तू बघतूस?" धम्मानंदनं जन्मात बेंजो उघडला नव्हता. तरी म्हणाला, "बघू." एका जुन्या रेडिओतली केसाएवढी तार काढली आणि गुंडाळत बसला, सात हजार वेढे. मोजता मोजता दोनदा चुकला, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्या दिवशी बेंजो असा वाजला की उत्तमसिंग गल्ला सोडून बाहेर आले.

मास्तरांनी विचारलं, "सूर कळतो का रे तुला?"

"न्हाई."

"ती मोटार चालू कर."

टेबलावर नुकतीच भरलेली एक मोटार होती. धम्मानंदनं बटण दाबलं. मास्तरांनी बेंजोवर एक सूर छेडला, तो मोटारीच्या घूंऽऽशी बराबर जुळला. "ही पांढरी पाच. हार्मोनियमवाले हिला पांढरी पाच म्हनतात, पाचवी पांढरी पट्टी. शेतातली घे, गिरनीची घे, समद्या मोटारी हितंच गातात, उलीशा चढ्या. दिसभर सुरात बसतूस लेकरा, आन म्हनतूस सूर कळत न्हाई!"

ते वाक्य धम्मानंदच्या काळजात जाऊन बसलं. बाप लहानपणीच गेलेला, आई हळदीच्या वावरात रोजानं जाणारी. तुला काहीतरी येतं, असं त्याला तोवर कोणी म्हटलंच नव्हतं. त्या दिवसापासून पोरगं दुकान सुटलं की मास्तरांच्या ओट्यावर. पुढं मास्तरांनीच नांदेडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून एक जुनी गिटार आणून त्याच्या पुढ्यात टाकली. "बेंजो पार्टीत एकच पुरं. तू हे वाजव." सतरा वर्षं झाली त्याला. आजही कुठली मोटार चालू झाली की हा मनातल्या मनात "पांढरी पाच" म्हणतो आणि मास्तरांची आठवण काढतो.

आता भीमनगरची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं ध्यानात येईल. बस्तीतली पोरगी लग्न होऊन निघाली की डीजे बंद, ढोलकी बंद, सगळं बंद. विहाराच्या ओट्यावर मुंजाजी मास्तर बेंजो घेऊन बसतात आणि एक चाल वाजवतात. त्यांनीच बांधलेली, तिला शब्द नाहीत. ओट्यावरून रस्ता सरळ दिसतो आणि रस्त्याच्या टोकाला ओढ्यावरचा पूल. पोरीची गाडी पूल ओलांडेपर्यंत बेंजो वाजलाच पाहिजे. "पूल वलांडला की हात उचलायचा. आदी न्हाई," हा मास्तरांचा कायदा. चाळीस वर्षांत एकदाही मोडला नाही. एकदा पोटरीला विंचू डसला तरी मास्तर वाजवत राहिले, गाडी पुलापार गेल्यावर मग बोंबलले. पद्मामाय, म्हणजे मास्तरीणबाई, ती गोष्ट अजून हसत हसत सांगते.

तर असा माणूस. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. कप सुटला आणि तोंडही वाकडं झालं. नांदेडला नेलं, जीव वाचला. महिनाभरानं चालायला लागले, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. उजवा हात तेवढा राहून गेला. उचलता येई, घास धरता येई, पण त्यात जोर नाही. आणि बेंजोचं गणित असं की तार एकदा छेडली की सूर लगेच मरतो. तो जिवंत ठेवायचा तर पट्टी सारखी सरसर फिरत राहिली पाहिजे. मास्तरांनी एकदा करून बघितलं. टिंग वाजलं आणि विझलं, पुन्हा टिंग वाजलं आणि विझलं. त्यांनी बेंजो पेटीत ठेवला, कडी लावली आणि पेटी पलंगाखाली सारली.

नेमकं त्याच वर्षी ज्योतीचं लग्न ठरलं. ज्योती मास्तरांची नात. तिचे आईबाप वाळूजला कंपनीत, त्यामुळं पोरगी तीन वर्षांची असल्यापासून आज्याकडंच वाढली. शिकून नर्स झाली, वसमतच्या दवाखान्यात लागली. लहानपणी ती दर पाठवणीला आज्याला चिकटून बसायची आणि गाडी पुलापार गेली की ओरडायची, "आज्या, हात उचल!" सगळ्या बस्तीला हे ठाऊक.

लग्नाची तारीख पक्की झाली त्या दिवशी धम्मानंद मास्तरांच्या ओट्यावरच होता. ज्योतीनं चहा दिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आज्या, माज्या वक्ताला वाजवशीन ना?"

मास्तर चहाकडं बघत म्हणाले, "धम्या वाजविन. गिटारीवर."

ज्योतीनं चहाचं ताट उचललं. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. धम्मानंदला तो चहा काही गोड लागला नाही.

आता पायडब्याकडं येऊ. उत्तमसिंग दरसाल दिवाळीला गड्यांना कापड देतात. औंदा धम्मानंदला म्हणाले, "तेरे लिए कुछ और मँगाया है," आणि एक खोकं पुढं केलं. आत गिटारीचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर होता, त्यातल्या त्यात स्वस्तातला, चिनी बनावटीचा, शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा. वर चार बटणं पायानं दाबायची, बाजूला पायानंच पुढं-मागं करायची एक पट्टी आणि एवढासा पडदा, त्यावर आकडे. गिटारीची वायर त्यात घालायची, त्यातून दुसरी वायर स्पीकरला. मधल्या मधे तो डबा आवाज हवा तसा करतो. विहिरीत वाजल्यासारखा करतो, चार गिटारी एकदम वाजल्यासारखा करतो, हळू वाजवलेलं मोठं करून देतो. बस्तीतल्या लोकांनी दोन दिवसांत त्याचं बारसं केलं: पायडबा. धम्मानंदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उत्तमसिंगांना तो एवढंच म्हणाला, "व्हय." उत्तमसिंग त्याला सतरा वर्षं ओळखत होते, त्यांना तेवढ्यात सगळं समजलं.

एक बटण मात्र त्याला बिनकामाचं वाटलं. ते दाबून धरलं की वाजत असलेला सूर तसाच लटकून राहायचा, पाय काढेपर्यंत. तार बंद केली तरी सूर चालूच. "हे कशाला दिलं आसंल?" म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

पण ज्योतीच्या चहानंतर त्याच्या डोक्यानं घेतलं. मास्तरांना वाजवता येत नाही, ठीक. मग निदान गिटारीतून बेंजोचा आवाज काढू! म्हणजे पोरीला वाटेल, आज्याचाच बेंजो. महिनाभर तो दुकान सुटल्यावर तिथंच बसून खटपट करायचा. आवाज बारीक केला, थोडा घुमवला, दोन तारा एकदम वाजतात तसं करण्यासाठी सुराला उगीच किंचित वाकडं केलं. चैत्रात एक दिवस जमलं. असं जमलं की त्याच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. तसाच सायकलीला डबा बांधून घरी आला आणि अंगणात बसून पाठवणीची चाल वाजवली. शेजारच्या बायका बाहेर आल्या. "बया, मास्तर वाजवाय लागले का?" बेबीबाई तर लगबगीनं मास्तरांच्या घराकडं निघाल्या. धम्मानंद खूश. शहाण्याला एवढंही कळलं नाही की त्याचं घर आणि मास्तरांचं घर यांच्यामध्ये फक्त चार दारं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मामाय दुकानात आली. हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "घे. तुला देऊन टाकला म्हनले."

सोडून बघतो तर बेंजो! धम्मानंदचा हात लुगड्यावरच थांबला. त्याला वाटलं, गुरूनं चेल्याला हत्यार दिलं. त्याला भरून आलं, तो काहीतरी बोलायला गेला. पद्मामायनं त्याला बोलूच दिलं नाही.

"काल तुजा आवाज आला. ते उठले, मला म्हनले, माजा बेंजो कोनी नेला बघ. पलंगाखाली वाकले, पेटी वडली, कडी काढली. बेंजो आतच. पेटीकडं बघत बसले, बाबा. जेवले न्हाईत. सकाळी म्हनले, त्याच्याबिगर चालतंय तर घरात कशाला अडगळ."

ती आली तशी गेली. धम्मानंदला जमीन गिळेल तर बरं असं झालं. ज्यानं ह्याला हात धरून सुरात आणलं त्याच्याच दाराशी जाऊन हा वाजवून आला होता की तुमची गरज नाही! मनात तसं नव्हतं, पण मनातलं कोणाला ऐकू येतं? त्या दिवशी त्यानं एका मोटारीची तार उलटी गुंडाळली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. उत्तमसिंगांनी बघितलं आणि ती मोटार बाजूला सारली.

पण धंद्याची सवय वाईट. दुकानात कॉईलवालं काहीही आलं की धम्मानंद ते तपासल्याशिवाय राहत नाही. दुपारी त्यानं बेंजो पुढ्यात ओढला. आपणच भरलेली कॉईल, सतरा वर्षांची, धड आहे का बघावी. समोर पायडबा होताच, त्यात वायर घातली. उजव्या हातात तारा झाळायची तापलेली कैया होती म्हणून डाव्या हाताच्या करंगळीनंच तारेला नुसता धक्का लावला, माशी बसावी तेवढा.

आणि सूर निघाला. निघाला तो राहिला. मेला नाही.

धम्मानंदनं कैया खाली ठेवली. परत करंगळी लावली. परत तेच, भरदार, लांब. डब्यावर अजून कालचंच लावलेलं होतं, हळू वाजलेलं मोठं करणारं आणि सूर ताणून धरणारं. म्हणजे पट्टी सरसर फिरवायची गरजच नव्हती, एकदा स्पर्श केला तरी पुरे. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "आरं, मी महिनाभर गिटारीचा बेंजो करत बसलो," तो मोठ्यानं म्हणाला, "आन बेंजो तर हितंच हाय की!"

उत्तमसिंग म्हणाले, "किससे बात कर रहा है?"

संध्याकाळी तो सगळा बारदाना घेऊन मास्तरांच्या घरी. मास्तर पलंगावर, भिंतीकडं तोंड. जय भीम केला तर मास्तरांनी चादर कानावर ओढली. धम्मानंदसारख्या मुखदुर्बळ माणसानं काय बोलावं? तो खाली बसला आणि पायांना हात लावून म्हणाला, "मास्तर, चुकलो. माफ करा." मग बेंजो पुढं ठेवला, वायरी जोडल्या. "एकडाव नुसता हात लावा. जोर लावू नका."

ज्योती दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडं बघून मास्तर उठून बसले. पण डबा चालू केला आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा मोठा आवाज सुरू झाला. दुकानाला उत्तमसिंगांनी मीठ-कोळसा घालून पक्की अर्थिंग केलेली. इथं घरात अर्थिंगचं नाव नाही. मास्तर कोरडेपणानं म्हणाले, "पांढरी पाच." धम्मानंद घाबरा झाला. डब्यात असा घुमारा दाबून टाकणारी एक सोय असते, ती त्यानं लावली. घुमारा गप्प. "आता वाजवा."

मास्तरांनी डाव्या हातानं बटण दाबलं, उजवा हात तारेवर नेला आणि छेडलं. काहीच नाही. परत छेडलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा सगळा जीव एकवटून छेडलं. उलीसं खट् झालं आणि बंद. मास्तरांनी पट्टी पलंगावर ठेवली.

"ह्या डब्याला बी कळतंय बघ," ते हळू म्हणाले. "कोनाचं ऐकावं आन कोनाचं न्हाई."

ज्योती वळून आत गेली. धम्मानंदनं सामान कसंबसं गोळा केलं. घरी आला तर मिनानं ताट वाढलं, त्यानं नुसता भात चिवडला.

पण झालं काय होतं, ते त्याला घास चिवडताना उमगलं. घुमारा दाबणारी ती सोय बावळट असते. बारीक आवाज दिसला की तिला तो घुमाराच वाटतो. मास्तरांची हलकी छेडही तिनं घुमाऱ्यासोबत गिळली होती. ती काढावी तर घुमारा येतो आणि ठेवावी तर मास्तर जातात. मग घुमारा येतो कुठून? घरातल्या लाइटीतून. मग लाइटच नको!

"मिना, फवारनीचा पंप कुठंय?"

"आता पराटीबी न्हाई वावरात, पंप कशाला?"

पाठीवरच्या फवारणी पंपात बारा व्होल्टची बॅटरी असते, डब्याला लागतात नऊ. सकाळी दुकानात त्यानं मधे एक बोटभर सर्किट घातलं. ह्या डब्याचा प्लस-मायनस जगाच्या उलटा, तेही बघून जोडलं. स्पीकर बॅटरीवर चालणारा, चाकांचा, उत्तमसिंगांच्या पुतण्याचा. चालू केलं. आवाजाचं नाव नाही, स्पीकर बंद आहे की काय असं वाटावं. करंगळी लावली, आणि सूर दुकानभर पसरला. उत्तमसिंगांनी रस्त्याकडं तोंड करून डोळे पुसले आणि म्हणाले, "जा. मोटार मैं देखता हूँ."

मास्तर या वेळी उठेचनात. "डबा वाजवनार आन म्या म्होरं बसनार? सोंग हाय ते." तेव्हा धम्मानंद बोलला. मास्तरांसमोर एवढं लांब तो कधी बोलला नव्हता.

"मास्तर, हिरीत पानी नसंल तर मोटार काय उपसती? डबा नुसती मोटार हाय. त्याला सूर येत न्हाई. तुमी छेडलं तर वाजतो, न्हाई तर गप. मला सूर कळत नव्हता तवा तुमी म्हनला का, ह्याला हाकला? न्हाई ना? म्या आज जे काय हाय ते तुमच्या ओट्यावर झालो. गायकी तुमची, गिटार तुमी आनलेली, घर-संसार त्याच्यावरच उभा. मला एकडाव तरी काय तरी परत करू द्या."

पद्मामायनं पदर तोंडाला लावला. मास्तर त्याच्याकडं वळून म्हणाले, "आरं, तुला एवढं बोलता येतं?"

आणि हात पुढं केला. डाव्या हातानं बटण, उजव्यानं एक छेड, नुसता स्पर्श. सूर उभा राहिला, ताठ. मास्तर दचकले. पुढचं बटण, पुढची छेड. मग तिसरी. चाल सुरू झाली, सरसरीशिवाय, मोकळी. पहिल्यापेक्षा हळू आणि खरं सांगू, पहिल्यापेक्षा देखणी. मास्तरांच्या वाकड्या ओठांवरून पाणी ओघळून बेंजोवर पडलं. पद्मामायनं तेवढ्यातल्या तेवढ्यात ते पदरानं टिपलं, "तार गंजंल!" म्हणत.

ज्योती ड्यूटीवर होती. तिला सांगायचं नाही, असं ठरलं.

लग्न वैशाखातलं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, पंगती उठल्या. उन्हं कलायला गाडी सजून उभी राहिली आणि डीजे बंद झाला. ज्योती पांढऱ्या साडीत, रडून नाक लाल, एकेकाच्या गळ्यात पडत ओट्याजवळ आली. बघते तर आजा बेंजो मांडीवर घेऊन बसलेला, बाजूला फवारणीचा पंप आणि पायडब्यापाशी धम्मानंद. पोरगी जागच्या जागी थांबली. मास्तर म्हणाले, "जा आता. मला वाजवायचंय."

गाडी निघाली आणि मास्तरांनी छेडलं.

भीमनगरात त्या वेळी पोरं रडायची थांबली. बेबीबाईंच्या हातात ताट होतं, ते त्यांनी खाली ठेवलं. चाल रस्त्यानं गाडीच्या मागं मागं जात राहिली. गाडी पुलाच्या तोंडाशी पोचली आणि उभी राहिली.

"पंक्चर झालं का काय?" कोणीतरी म्हणालं.

मास्तरांना आता लांबचं दिसत नाही. वाजवता वाजवताच त्यांनी विचारलं, "गेली का रं?"

"न्हाई मास्तर. थांबलीय."

"काहून?"

धम्मानंदला आधी काही कळेना. मग गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला हात दिसला, हिरव्या चुड्याचा, खिडकीवर ठेवलेला. पूल ओलांडला की बेंजो थांबतो. ज्योतीला हे तिसऱ्या वर्षापासून ठाऊक. म्हणून ती पुलाच्या अलीकडंच गाडी उभी करून बसली होती.

"ऐकून राहिली," धम्मानंद म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली आणि चाल पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली. हात थकत चालला होता. छेड इतकी हलकी की डब्याशिवाय ती शेजारच्यालाही ऐकू आली नसती. मनगटाला घाम फुटला होता. आणि तिसऱ्या वेळी, शेवटच्या सुरावर, हात मांडीवर पडला. उचलायला गेले, उचलेना. मास्तरांनी घाबरून धम्मानंदकडं बघितलं. गाडी अजून पुलाच्या अलीकडंच होती.

धम्मानंदचा पाय आपसूक पुढं गेला, त्या बिनकामाच्या बटणावर. त्यानं ते दाबलं आणि दाबूनच धरलं. मास्तरांचा शेवटचा सूर हवेत तसाच राहिला, न हलता, न विझता. नवी भरलेली मोटार पहिल्यांदा चालू करताना उभा राहतो तसा तो उभा होता. खिडकीतला हात आत गेला. गाडी हलली, पुलावर चढली, पलीकडच्या लिंबाआड गेली.

तेव्हा त्यानं पाय उचलला.

मास्तर पुलाच्या दिशेनं कान देऊन बसले. मग म्हणाले, "म्या तर मगाच सोडला व्हता. मग पुलापोतर कोनी नेला?"

"तुमचाच सूर व्हता, मास्तर. म्या नुसता पाय ठिवला."

मास्तरांनी डावा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवला. चाळीस वर्षांचा कायदा मोडला नव्हता. धम्मानंदला एवढंच समजत होतं की त्याला रडू येतंय आणि त्याला त्याची लाज वाटत नाहीये.

पद्मामाय मागून म्हणाली, "आता तरी चार घास खावा दोघंबी."

"खातो," मास्तर म्हणाले. मग धम्मानंदकडं वळून डब्याकडं बोट केलं. "उद्या सांजच्याला ये. ते बटन मला नीट दाव. बेबीच्या नातीचं लगीन आठ दिसांवर हाय."